मुंजाजी मिस्त्रीचा उलटा हात

मुंजाजी मिस्त्रीला वास यायचा. माणसाची आठवण त्याच्या डोळ्यांपासून नाहीतर हसण्यापासून सुरू करावी, एवढं मलाही कळतं. कारखान्याच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला आलेल्या दोघा तरुणांनी जाता जाता बजावलंही होतं, की आजी, तुम्ही इथल्या पहिल्या महिला ऑपरेटर, तुम्हाला घडवणाऱ्या गुरूंबद्दल काहीतरी गोड लिहून द्या. मी मान डोलावली, त्यांना चहा पाजला आणि ते फाटकाबाहेर गेल्यावर एकटीच हसत बसले. गोड म्हणे. मुंजाजी मिस्त्री म्हटलं की माझ्या जिभेवर काही येत नाही, नाकात येतं. तंबाखू, ट्रान्सफॉर्मरचं तेल, वाळत घातलेले पायमोजे आणि डब्यातली सिद्धेश्वरच्या धरणाची मासळी, असा चार पदरी वास होता तो. माणूस येण्याआधी वास यायचा आणि माणूस उठून गेला तरी खुर्चीत बसून राहायचा.

आणि हो, मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर 'मिस्त्री, तुम्ही' म्हणायची, मनात मात्र पहिल्या दिवसापासून 'तो'च होता. आता लिहिताना अहो-जाहो करायला गेले, तर उशिरा आणून खांद्यावर टाकलेल्या शालीसारखं दिसेल. राहू द्या.

आमचा साखर कारखाना पूर्णेच्या काठाला. उसाचा रस काढून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, जाळून त्यावर वीज तयार करायची सोय तेव्हा नुकतीच झाली होती. नवा बॉयलर, नवा टर्बाइन, नवा जनरेटर, आणि त्या सगळ्याबरोबर आलेली नवी मी. सेनगावकडच्या एका तांड्यावरची, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली पहिली पोरगी, लग्न होऊन हिंगोलीला आलेली. त्या कागदाचा मला एवढा ताठा होता, की मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये बाळगायची. रुमालाला गुलाबाचा सेंट लावायची. कामावर 'आम्ही सेनगावचे' एवढंच सांगायची, तांडा गिळून टाकायची. माझी याडी, म्हणजे आई, एकदा आरशाच्या टिकल्यांची काचोळी घालून, डोक्यावर डबा घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत आली होती, तेव्हा मी वॉचमनला सांगितलं, आमच्या गावाकडची बाई आहे ती. याडीनं ते ऐकलं. डबा ठेवला आणि निघून गेली. शिकलेलं माणूस म्हणजे नाक मुरडणारं माणूस, अशी माझी तेव्हाची समजूत होती, आणि मी पुष्कळ शिकले होते.

पहिल्या दिवशी मला मिस्त्रीच्या हवाली केलं. पॉवर हाऊसच्या मागं जाळीचं कुंपण घातलेलं आवार होतं, त्यात चार ट्रान्सफॉर्मर. मिस्त्री तिथं अनवाणी उभा. साठीकडं झुकलेला वाटला, होता पन्नाशीचा. खाकी शर्टाला मूळ रंग कुठला होता ते कळायला मार्ग नव्हता. एका ट्रान्सफॉर्मरच्या तापलेल्या पंखांवर त्याचे दोन पायमोजे वाळत घातले होते. पलीकडच्या लहान ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यावर, सावलीत, दह्याचं गाडगं झाकून ठेवलेलं. मी रुमाल नाकाला लावला.

त्यानं रुमालाकडं पाहिलं, बाजूला पिचकारी टाकली आणि म्हणाला, "सेंट लावून येत जाऊ नको, माय. इथं नाकानंच कळतं काय जळून राहिलं ते."

मग त्यानं मला प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला हात लावायला लावला. सुलटा नाही, उलटा. हाताची पाठ. तो म्हणायचा, तळहातानं धरायला जाशील आणि टाकीत वीज उतरेल असली तर मूठ आवळती आणि माणूस धरूनच राहतो. उलटा हात लावला तर झटक्यानं हात मागं येतो. नवीन माणूस असो नाहीतर पाहणीला आलेला साहेब, कोणी काही सांगायला लागलं की मिस्त्रीचं एकच वाक्य असायचं: "आधी हात लाव, मंग बोल." पुस्तकात काय लिहिलं आहे ते मी सांगू लागले की हेच. मीटर काय दाखवतं ते सांगू लागले की हेच. मला ते वाक्य कानात खडा गेल्यासारखं खुपायचं.

त्या लहान ट्रान्सफॉर्मरला सगळे झिगझॅग म्हणायचे. त्याच्याबद्दल इथं थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. बाकीचे ट्रान्सफॉर्मर वीज वाढवतात नाहीतर कमी करतात. झिगझॅग यातलं काही करत नाही. आमची अकरा हजार व्होल्टची लाइन तीन तारांची, आणि जमिनीशी तिचा कुठंच संबंध नसायचा. अशा लाइनीतली एक तार कुठं ओल्या भिंतीला, लोखंडाला टेकली तरी काही होत नाही. ठिणगी नाही, दिवे जात नाहीत, रिले पडत नाही. सगळं सुरळीत चालू राहतं, आणि भीती त्याचीच असते. झिगझॅगच्या आतल्या गुंडाळ्या एकमेकींशी अशा उलटसुलट जोडलेल्या असतात, की तो त्या लाइनीला जमिनीत रोवलेलं एक टोक काढून देतो. मग तार कुठंही टेकली की करंट जमिनीतून त्याच्याकडं परत येतो, ते रिलेला कळतं, आणि रिले तेवढ्या भागाची वीज तोडून टाकतो. एरवी वर्षभर झिगझॅग नुसता बसून असतो. म्हणून तो थंड. म्हणून दही त्याच्याजवळ.

"ह्यो झोपेल हाय तवर समदं बराबर," मिस्त्री म्हणाला. "ह्यो गरम झाला म्हंजी कोणाचं तरी मरण आलं."

मी हुशारी दाखवायला विचारलं, की दिवसभर झोपणाऱ्याला एवढा ओटा नि एवढं कुंपण काहून?

"तुला टेबल-खुर्ची काहून देली? तू बी बसूनच राहणार हायेस."

आजूबाजूचे वायरमन हसले. मी तो अपमान घरी नेला, जेवले नाही, आणि रविवारी बसून मुख्य अभियंत्यांच्या नावानं तीन पानी तक्रार अर्ज लिहिला. काय अर्ज होता तो. 'सदर इसम' काय, 'निदर्शनास आणू इच्छिते' काय. थुंकण्याचा एक परिच्छेद, पायमोज्यांचा एक, मासळीचा एक. शेवटी लिहिलं, की सदर इसम उच्चदाबाच्या उपकरणांचा स्वयंपाकघरासारखा वापर करतो व त्यांच्याशी वाटेल तेव्हा छेडछाड करतो. छेडछाड तो कधीच करत नव्हता. ओट्यावर गाडगं ठेवणं म्हणजे छेडछाड नव्हे, हे मलाही ठाऊक होतं. पण शब्द वजनदार होता, आणि अर्ज संपता संपता मला वजन हवं होतं.

साहेबांनी नोटीस लावली. मिस्त्रीचा चष्मा फुटलेला होता, म्हणून त्यानं ती मलाच वाचायला लावली. आपल्याविरुद्धचा मजकूर त्यानं तंबाखू मळत शांतपणे ऐकला. अर्ज मीच दिलाय हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. वाचून झाल्यावर म्हणाला, वाचती बेस, आणि पायमोजे उलटवायला गेला. अर्ज फायलीत गेला. मी विसरले. फाइल विसरत नसते, हे मला नंतर कळलं.

मिस्त्रीला मी देवमाणूस करणार नाही. तो घाणेरडा होता आणि तोंडानंही घाणेरडा होता. एका वायरमननं एकदा लाइन बंद आहे असं समजून, जमिनीशी जोडायची दांडी न लावताच केबलला हात घातला. लाइन खरंच बंद होती, त्याला काही झालं नाही. मिस्त्रीनं त्याला चपलेनं मारलं. चार पोरांचा बाप होता तो वायरमन, रडायला लागला. मी मध्ये पडले तर मिस्त्रीनं मला आईवरून शिवी दिली. दुसऱ्या दिवशी त्याच वायरमनला आपल्या गाडग्यातलं दही वाढत होता, आणि तो मुकाट्यानं खात होता. दोघांचीही मला शिसारी आली. मला महिनाभर त्यानं चिनी मातीचे इन्सुलेटर पुसायला लावले होते. एकदाही बरं म्हणाला नाही.

त्याच दह्यापायी मात्र मी एकदा गप्प झाले. एप्रिल लागला होता. जेवायला बसल्यावर मिस्त्रीनं बोट बुडवून दही चाटलं आणि तोंड वाकडं केलं. रोजच्यापेक्षा आंबट. ऊन वाढलंय, मी म्हणाले. तो भाकर तशीच टाकून उठला आणि झिगझॅगला हाताची पाठ लावून उभा राहिला. मग मला बोलावलं. मी हात लावला. टाकी कोमट होती. तापलेली म्हणता येणार नाही, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखी. तिकडं रिले पडलेला नव्हता, मीटरही जवळजवळ जागच्या जागी होते. कुठं तरी इतकी बारीक गळती होती, की रिलेच्या ध्यानातच येत नव्हती. आम्ही स्विचांची एकेक पेटी बंद करून उघडत गेलो. चौथ्या पेटीत, जिथं केबल जोडतात तिथं, जळून कोळसा झालेली पाल चिकटली होती. मिस्त्रीनं ती बोटांनी सोलून काढली, वास घेतला, आणि आणून माझ्या लॉगबुकावर ठेवली.

"हे लिव्ह," म्हणाला.

मी बाहेर जाऊन ओकले. परत येऊन लिहिलं.

पुढच्या दोन वर्षांत मी काम शिकले, हे मान्य करायला हवं. पाळीची प्रमुख झाले. लॉगबुक माझ्या हातचं, आवाराच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. एक किल्ली मिस्त्रीकडं. मी त्याच्यापासून दोन हात लांब बसायची, पण रोज सकाळी न सांगता चारी टाक्यांना उलटा हात लावून यायची.

मग तो गळीत हंगाम आला. नदीवरच्या पंपघराला जाणारी जुनी केबल भिजून कमजोर झाली होती. दिवसातून दोनदा, तीनदा तिची तार जमिनीला भिडायची, झिगझॅगकडून रिलेला कळायचं, रिले पडायचा, पाणी बंद, बॉयलर बंद, गाळप बंद. उसाच्या गाड्या पार मुख्य रस्त्यापर्यंत उभ्या. केबल बदलायची तर चार दिवस सगळं थांबवावं लागणार होतं. मुख्य अभियंता साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं. साहेब फार स्वच्छ माणूस. पांढरा शर्ट, टेबलावर हात पुसायला टर्किश नॅपकिन, कुठलाच वास नाही. ते म्हणाले, झिगझॅगचा आयसोलेटर उघडा, त्याला लाइनीपासून बाजूला करा. जमिनीचा रस्ताच नसला की रिले पडणार नाही. हंगाम संपला की केबल बदलू, झिगझॅग पुन्हा जोडू.

मिस्त्री म्हणाला, "रिले पडला तर गाळप बंद पडतं, साहेब. ह्याला सोडला तर काय बंद पडंल ते मला न्हाई सांगता यायचं."

साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला. मिस्त्रीचं तेच. हात लावणार न्हाई, किल्ली देणार न्हाई. त्याच संध्याकाळी त्याची बदली बगॅसच्या ढिगावर झाली. दोन दिवस तो ड्यूटी सुटल्यावर कुंपणाला टेकून बसायचा. तिसऱ्या दिवशी वॉचमननं उठवलं.

मग साहेबांनी मला एकटीला बोलावलं. त्यांनी मला खुर्ची दिली. अडाणी माणसाची भीती वेगळी आणि शिकलेल्या माणसाचं धाडस वेगळं, असं काहीतरी म्हणाले. मुख्य ऑपरेटरची जागा निघते आहे असंही म्हणाले. काय धोका आहे ते मला ठाऊक होतं. एका तारेचा जमिनीशी संबंध आला की उरलेल्या दोन तारांवर जमिनीच्या हिशेबानं जवळजवळ पावणेदोन पट ताण येतो. तो ताण दिवसेंदिवस राहिला की जिथं कच्चं असेल तिथं दुसरी तार फुटते, आणि मग जे होतं त्याला रिले पुरे पडत नाही. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवू शकले असते. पण मला खुर्ची दिली होती हो. मी उठले, कुलूप काढलं आणि आयसोलेटर उघडला. मान ताठ झाली होती, असं आठवतं. रात्री-दिवसाच्या प्रत्येक पाळीपुढं लॉगबुकात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं: झिगझॅग चालू.

रिले पडेनासा झाला. साहेबांनी पेढे वाटले. तीन तारांच्या तीन मीटरपैकी एकाचा काटा तळाला गेलेला आणि दोन वर चढून बसलेले मी रोज पाहायची आणि रोज नजर दुसरीकडं न्यायची.

अकराव्या दिवशी, दुपारी जेवणानंतर, पंपघरातली पेटी फुटली. लिंबाजी नावाचा पंप ऑपरेटर तिच्यासमोर उभा होता. चाळिशीचा, अंगानं बारका, सारखा गुणगुणणारा माणूस. पेटीचं दार उघडून जाळाचा लोळ त्याच्या हातांवर आला. मी गेले तेव्हा त्याला ट्रॅक्टरमध्ये घालत होते. तो वास मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की मिस्त्रीच्या पायमोज्यांवर तीन पानं लिहिणारी बाई त्या वासावर आजवर एक ओळ लिहू शकलेली नाही. नांदेडला नेल्यावर त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. डावा राहिला, पण बोटं चिकटून गेली.

ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडायच्या आत साहेबांनी मला झिगझॅग पुन्हा जोडायला लावला होता. मी जोडला. कुलूपही लावलं.

चौकशीला बाहेरून निरीक्षक आले. माणूस हुशार होता. रिले पडला कसा नाही, एवढ्यावरून त्यानं ओळखलं की झिगझॅग बरेच दिवस बाजूला होता. पण लॉगबुक म्हणत होतं चालू. मग चोरून उघडला कोणी? साहेबांनी फायलीतून माझा जुना अर्ज काढला. दुसरी किल्ली मिस्त्रीकडं, बदलीचा राग मिस्त्रीच्या मनात, कुंपणाला टेकून बसताना वॉचमननं पाहिलेला मिस्त्री, आणि उपकरणांशी वाटेल तेव्हा छेडछाड करतो, हे माझ्याच अक्षरात.

गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये बसवलं होतं. मिस्त्री समोरच्या बाकावर, धुतलेला शर्ट घालून. त्या दिवशी त्याला कसलाच वास येत नव्हता. निरीक्षकांनी मला अर्ज दाखवला आणि विचारलं, की हा तुमचाच का. मी हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की झिगझॅग कोणी उघडला, ते तुम्हाला माहीत आहे का.

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, धमकीही नव्हती. मीटरकडं पाहतात तसं पाहत होता, काटा कुठं जाऊन थांबतो ते.

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

इतकं सोपं होतं ते. मी पुष्कळ वेळा स्वतःला समजावलं आहे, की लेकरं लहान होती, साहेब दाराशी उभे होते, तांड्यावरच्या पोरीला परत नोकरी कोणी दिली असती. सगळं खरं आहे. आणि सगळं धुऊन पुसून ठेवलेल्या साहेबांच्या टेबलासारखं आहे. मिस्त्रीला कामावरून काढलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मी मुख्य ऑपरेटर झाले. हार घातलेला माझा फोटो त्या दोघा तरुणांना ऑफिसात सापडला म्हणे, स्मरणिकेत छापणार आहेत. स्मरणिका जुन्या कामगारांच्या घरोघरी पाठवणार आहोत, असं ते बोलता बोलता म्हणाले, म्हणून तर मी लिहायला हो म्हटलं. यातलं किती छापतील ते दिसेलच.

सहा-सात वर्षं गेली. एक दिवस लिंबाजी कसल्याशा कागदासाठी कारखान्यात आला होता. टाइम ऑफिसच्या खिडकीशी डाव्या हाताचा अंगठा उठवायचा होता, आणि चिकटलेल्या बोटांतून अंगठा सुटा करायला त्याला जमत नव्हतं. कारकुनानं त्याचा हात धरून शाईत दाबला. लिंबाजी मला पाहून ओळखीचं हसला. कशा आहात बाई, म्हणाला. मी बरी आहे म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मुंजाजी मिस्त्रीला शोधत निघाले. लिंबाजी समोर उभा असताना त्याला सोडून मी मिस्त्रीकडं का निघाले, हे मला तेव्हा सुचलंही नाही. असलं आपल्याला वेळेवर कधी सुचत नाही.

मिस्त्री लेकीच्या गावी, गोरेगावला राहत होता. बाजारात, जीप थांबतात त्याच्या समोर, पत्र्याच्या दुकानात पाण्याच्या मोटारी भरून देण्याचं काम करायचा. मी दारात उभी राहिले. तो मांडी घालून तांब्याची तार गुंडाळत होता. केस पूर्ण पांढरे. त्यानं वर पाहिलं आणि गुंडाळणं न थांबवता पायानं एक स्टूल माझ्याकडं सरकवलं.

मी बसले नाही. रस्ताभर घोकून आणलेलं एका दमात सांगून टाकलं, की मिस्त्री, झिगझॅग मी उघडला होता.

"ठावं हाय," तो म्हणाला.

कधीपासून, मी विचारलं.

"पेटी फुटली त्याच दिशी. तू कुलूप उलटं लावती, किल्लीचं भोक वर करून. पाणी शिरतं म्हणून किती खेपा बोलेल हाय तुला. दुसरं कोणी तसं लावत न्हाई."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकत व्हतं? अर्ज तुझा, सही तुझी. तूच बोलायची व्हतीस." त्यानं तार दातात धरून तोडली. "मी वाटच पाहून राहिलो व्हतो बाकड्यावर."

मला रडू आलं. मोठी चांगली रडले मी, पदर तोंडात घालून, येणारे-जाणारे पाहतील असं. म्हणाले, आता लिहून देते, साहेब बदलून गेलेत, नव्या लोकांना सगळं सांगते, तुमचा हक्क तुम्हाला मिळवून देते. तो ऐकत होता. माझं रडणं संपायची वाट त्यानं पाहिली, उकळी खाली बसायची पाहतात तशी.

"माझ्याकडं काहून आलीस?" मग तो म्हणाला. "माझी नोकरी गेली, दुसरं काम भेटलं. लिंबाजीचा हात गेला. त्याला अजून वाटतं मीच उघडला. दर बाजाराला हितून जातो, माझ्या दुकानावरून, तोंड फिरवून. मी त्याच्या लग्नात जेवेल हाय." त्यानं तारेचं टोक बोटानं सरळ केलं. "मला लिहून देऊ नको, माय. त्याला जाऊन सांग. सेनगावच्या वाटंवरच गाव हाय त्याचं. ती बघ जीप उभी हाय."

मी डोळे पुसले आणि बाहेर आले. समोर दोन जीप उभ्या होत्या. एक सेनगावची, दुसरी हिंगोलीची, म्हणजे माझ्या घराची. सेनगावच्या जीपवाल्यानं हाक मारली, बाई, एकच शीट राहिलं, बसा, लगेच निघतो. हिंगोलीची जवळजवळ रिकामी होती.

वळून पाहिलं तर मिस्त्री दुकानाच्या दारात येऊन उभा होता. हातात अर्धी गुंडाळलेली तार, चष्मा कपाळावर चढवलेला.

मी हिंगोलीच्या जीपमध्ये बसले, मागच्या बाकावर, खिडकीशी. सेनगावची जीप धूळ उडवत निघून गेली. मिनिटा-दोन मिनिटांनी तिच्या जागी सेनगावची दुसरी येऊन लागली. हिंगोलीच्या जीपवाल्याला मी एकदा विचारलंही, की कधी निघणार. तो म्हणाला, भरली की. ती भरायला चांगला अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात मला कितीदाही उतरता आलं असतं.

तो अर्धा तास मुंजाजी मिस्त्री दारातून हलला नाही.